अरबी पाच

ग्रीस क्लस्टर, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
दारावर कोर्टाचा कागद,
चारी कडांना पारदर्शक टेप, नीट लावलेली.
मला त्यातले फक्त आकडे वाचता येतात
आणि तेही अडखळत, कारण अरबी पाच
हुबेहूब आपल्या शून्यासारखा असतो.
पहिल्या वर्षी मी दुबईत
कितीतरी पाच शून्य म्हणून वाचले.

बेल वाजवायच्या आधी वाक्य घोकलं.
देऱ्यातल्या हॉटेलच्या तळघरात
तीन शनिवार, नऊशे दिरहम भरून शिकलेलं:
घर घ्यायला आलोय असं म्हणायचं नाही,
मदत करायला आलोय म्हणायचं.
आधी पाणी मागायचं.
पाणी देणारा माणूस लगेच दार लावत नाही.

जुलेखा परकार. यादीत फक्त फ्लॅट नंबर होता,
नाव मला पाटीवर कळलं.
"कुठले?"
"चंदगडचा. गावडे."
"आम्ही दापोलीकडचे. या आत. चपला असू द्या,
फरशी आता बँकेची आहे."

मी पाणी मागितलं.
त्या हसल्या. "पाचवे तुम्ही. पाचही जणांना तहान."
ग्लास ठेवला, खाली बशी.
मग मी ते मदतीचं वाक्य म्हटलं,
आवाज खाली आणून, शिकवल्यासारखा.

"दातांच्या दवाखान्यात बावीस वर्षं रिसेप्शनला होते मी.
इंजेक्शनच्या आधी डॉक्टर अगदी असंच बोलायचे.
दवाखाना बंद पडला, हप्ते नाही पडले.
बोला, आकडा काय?"

आकडा वहीत होता.
वही खिशात होती.
मी छताकडे बघत बसलो.
कोपऱ्यात एसी गळत होता, खाली निळी बादली,
आणि माझ्या डोक्यात आपोआप:
गळती, वजा तीन हजार.
बाथरूमच्या भिंतीला पोपडे, वजा पाच.
लिफ्ट बंद, वजा.
त्यांच्या पायातले दोन वेगवेगळे मोजे.
त्याचे किती, तळघरात कोणी सांगितलं नव्हतं.

सांगितला आकडा.
"त्यात बँकच भागत नाही," त्या म्हणाल्या,
"म्हणजे घर तुम्हाला द्यायचं
आणि वर पदरचे एक लाख चाळीस हजार घालायचे.
एवढे असते तर तुम्ही आला असता का?"

नसतो आलो.
खरं म्हणजे मी एसीवाला. चौदा वर्षं डक्टमध्ये काढली,
दुसऱ्यांची घरं थंड करत.
गेल्या दिवाळीत कोणीतरी म्हणालं,
पैसा हवेत नाही, भिंतीत असतो.

बादलीत थेंब पडत राहिला.
शेवटी मला राहवेना. स्टूल मागितलं,
कव्हर काढलं, ड्रेनचा पाइप तोंडात धरून फुंकला.
काळं शेवाळ भस्सकन बादलीत.
गळती थांबली.
"झालं," मी म्हटलं.
"मग ते तीन हजार वाढवा," त्या म्हणाल्या.
मी तीन हजार तोंडाने बोललो नव्हतो.
"सगळे तेवढेच वजा करतात," त्या म्हणाल्या.

वाढवले नाहीत.
वाढवून उपयोग नव्हता,
हे मी स्वतःला जिन्यात समजावणार होतो.
तोंड धुतलं तरी शेवाळाची चव जाईना.
त्यांनी खजूर दिला, बिया काढलेला.

कार्ड मागितलं, मी दिलं.
ड्रॉवरमध्ये रबरबँड लावलेला गठ्ठा होता.
माझं सगळ्यात वर ठेवलं.
"परवा एक बाई येणार आहेत," त्या म्हणाल्या.
ते मला सांगायची काही गरज नव्हती.

दार लागलं.
पुन्हा तोच कागद समोर.
एका ओळीत लिलावाचा दिवस असावा. मी वाचला:
शून्य.
बरं वाटलं.
शून्य तारीख कुठल्याच महिन्यात येत नाही.

दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर आठवलं.